एका काळ्या शाईतून सहा करडे: कृष्णधवल प्रिंटसाठी घरी शाई कशी बनवायची

डिजिटल फोटो कृष्णधवल करून साध्या रंगीत प्रिंटरवर छापला की काय होतं, हे बहुतेकांनी पाहिलेलं असतं. घरातल्या बल्बखाली प्रिंट ठीक दिसतो. तोच खिडकीत नेला की करड्यात हिरवट झाक येते, ट्यूबलाइटखाली गुलाबी दिसतो. दोष फोटोचा नाही. प्रिंटर निळा, किरमिजी आणि पिवळा ठिपका शेजारी शेजारी टाकून करड्याचा आभास निर्माण करतो आणि उजेड बदलला की या तिघांचा तोल ढळतो. तोल सांभाळायला 'फक्त काळी शाई' हा पर्याय निवडला, तर आकाशासारख्या फिक्या भागात काळे ठिपके लांब लांब पडतात, पांढऱ्या भातावर मिरपूड भुरभुरल्यासारखे.

यावरचा उपाय म्हणजे रंगीत शाया काढून टाकायच्या आणि त्यांच्या जागी एकाच काळ्या शाईचे फिके होत जाणारे करडे भरायचे. एप्सनने २००५ साली अल्ट्राक्रोम के-३ या शाईसंचात काळ्याच्या तीन पायऱ्या आणल्या त्या याच विचाराने, पण त्यातही करड्याला थोडा रंग मिसळावाच लागतो. व्हरमाँटचे जॉन कोन 'पिझोग्राफी' नावाने तयार करड्या शाया विकतात. आणि कॅलिफोर्नियातले छायाचित्रकार पॉल रोर्क यांनी कार्बन शाई घरी पातळ करण्याची सूत्रं सगळ्यांसाठी खुली ठेवली. मी शिकलो तो या तिसऱ्या वाटेने. खाली दिलेलं प्रमाण त्याच घराण्यातलं आहे, माझ्या हाताला बसलेलं.

एक गोष्ट आधी स्पष्ट करतो. 'घरी शाई बनवणं' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर दिव्याचं काजळ आणि बाभळीचा डिंक येतो. पोथ्या तशाच शाईने लिहिल्या आणि शेकडो वर्षं टिकल्या, कारण काजळ म्हणजे शुद्ध कार्बन आणि कार्बन उजेडात फिका पडत नाही. आपल्याही शाईचा जीव कार्बनच आहे. पण काजळी खलून प्रिंटरमध्ये घालायची नाही. प्रिंटरच्या शाईतले कण मायक्रॉनच्या दहाव्या भागाच्या आसपास असतात आणि एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांच्यावर रासायनिक प्रक्रिया केलेली असते. खलबत्त्यात ते होत नाही. ड्रॉइंगसाठी मिळणाऱ्या 'इंडिया इंक'लाही हात लावू नका. त्यात बहुधा लाख असते आणि ती वाळली की नोझल, म्हणजे शाई उडवणारं बारीक छिद्र, कायमची बुजते. आपण विकतची काळी पिगमेंट शाई, म्हणजे न विरघळणाऱ्या कणांची शाई, घेऊन ती नीट पातळ करणार आहोत. कौशल्य लागतं ते त्या 'नीट'मध्ये.

प्रिंटर

एप्सनच घ्या. एचपी आणि कॅननच्या घरगुती प्रिंटरमध्ये शाई तापवून थेंब उडवतात. परकी शाई तिथे जळून थर धरते. एप्सनच्या हेडमध्ये, म्हणजे नोझल असलेल्या भागात, स्फटिकाला वीज देऊन तो वाकवतात, थेंब दाबाने उडतो, म्हणून हे हेड घरच्या शाईला जास्त सोसतं. दुसरं कारण सॉफ्टवेअरचं: कुठल्या जागेतून किती शाई सोडायची हे ठरवणारं, रॉय हॅरिंग्टन यांचं क्वाडटोन रिप, म्हणजे क्यूटीआर, एप्सनवरच चालतं. त्याच्याशिवाय हा सगळा खटाटोप व्यर्थ आहे, कारण एप्सनच्या स्वतःच्या ड्रायव्हरला निळ्याच्या जागी करडा भरलाय हे कळत नाही.

सहा शायांचा प्रिंटर सगळ्यांत सोयीचा. जुना १४०० किंवा १४३० कुणाकडे पडून असेल तर सोनं समजा. त्याचा थेंब १.५ पिकोलिटरचा आणि प्रत्येक रंगाला ९० नोझल. आपल्याकडे टाकीवाले एल-८०५ आणि एल-१८०० जास्त दिसतात, तेही सहा शायांचेच. मात्र कुठलंही मॉडेल घेण्याआधी ते क्यूटीआरच्या यादीत आहे का, हे पाहून घ्या. जुना प्रिंटर घेताना विकणाऱ्यासमोर नोझल चेक छापून बघा. एक रेघ जरी तुटलेली असली आणि दोनदा हेड साफ करूनही ती भरून येत नसली, तर घेऊ नका. कितीही स्वस्त मिळत असला तरी.

कार्ट्रिजवाल्या प्रिंटरला पुन्हा भरता येणारी, आपोआप रीसेट होणाऱ्या चिपची कार्ट्रिजं मिळतात. नवख्याला मी तीच सुचवीन, कारण चुकलं तर काढून धुता येतात. टाकीवाल्या प्रिंटरमध्ये कारखान्याची डाय शाई (कणांऐवजी विरघळलेल्या रंगाची) नळ्यांमध्ये भरून राहिलेली असते, ती पूर्ण काढणं किचकट आहे. टाकीवाला नवा कोरा घेतला असेल तर पहिल्यांदा टाकी भरतानाच आपले करडे भरा.

काळी शाई

'मॅट ब्लॅक पिगमेंट' असं लिहिलेली शाई हवी. 'फोटो ब्लॅक' चकचकीत कागदासाठी असते. मॅट ब्लॅक चकचकीत कागदावर धरत नाही, बोट फिरवलं की पुसून येते. म्हणजे ही पद्धत स्वीकारली की मॅट कागदाशी लग्न लागलं असं समजा. मला ते जड गेलं नाही.

बाटलीवर 'पिगमेंट' लिहिलंय म्हणजे आत तेच आहे, यावर मात्र विश्वास ठेवू नका. चाचणी घरी होते. शाईचे दोन थेंब चमचाभर पाण्यात टाका, त्यातला एक थेंब कॉफीच्या फिल्टर पेपरवर सोडा आणि तासभर थांबा. कार्बन जिथल्या तिथे बसतो, कडेला फार तर मळकट तपकिरी छटा दिसते. कडेला जांभळं किंवा निळं कडं पसरलं तर आत डाय आहे. दुसरी चाचणी वेळखाऊ, पण खात्रीची: एक पट्टी छापून अर्धी काळ्या कागदाने झाका, दक्षिणेच्या खिडकीत चिकटवा आणि दोन महिन्यांनी झाकलेला भाग उघड्याशी जुळवून पाहा.

पाया: पातळ करायचं द्रावण

शाईत नुसतं पाणी घातलं तर काय बिघडतं? तीन गोष्टी बिघडतात. पाणी नोझलच्या तोंडाशी लगेच वाळतं. ते फार पातळ असल्याने थेंब नीट सुटत नाही. आणि पाण्याचा पृष्ठताण शाईच्या दुपटीहून जास्त असल्याने ते हेडच्या बारीक वाटांमध्ये सहज शिरत नाही. म्हणून आधी पाया बनवायचा. एक किलो पायाचं माझं प्रमाण, सगळं वजनावर:

डिस्टिल्ड वॉटर ६८० ग्रॅम
ग्लिसरीन ३०० ग्रॅम
फोटो-फ्लो २० ग्रॅम

ग्लिसरीन मेडिकलच्या दुकानात मिळतं. बाटलीवर 'आयपी', म्हणजे औषधी दर्जाचं, असं लिहिलेलं घ्या. गुलाबपाणी मिसळलेलं, सुगंधी असलं काही नको. ते नोझल ओली ठेवतं आणि द्रावणाला अंग देतं. फोटो-फ्लो हे कोडॅकचं, डार्करूममध्ये फिल्म धुतल्यावर पाण्याचे डाग पडू नयेत म्हणून वापरायचं रसायन. इथे ते पृष्ठताण उतरवतं. ते मिळालं नाही तर इलफोर्डचं इल्फोटॉल त्याच कामाचं आहे. भांडी घासायचा साबण चालेल का, असं मला दर वेळी कुणीतरी विचारतं. नाही चालत. त्यात मीठ, रंग, वास सगळं असतं.

पाण्याच्या बाबतीत मी स्वतः ठेच खाल्ली आहे. पहिल्या खेपेला घरी डिस्टिल्ड संपलं होतं, म्हणून स्वयंपाकघरातल्या फिल्टरचं आरओचं पाणी घातलं. शुद्धच की, म्हटलं. दुसऱ्या दिवशी बाटलीच्या तळाशी शाईचं चोथापाणी झालेलं, फाटलेल्या दुधासारखं. शाईतले कण एकमेकांपासून दूर राहतात ते त्यांच्यावरच्या विद्युतभारामुळे, आणि पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार तो भार मोडतात. आरओच्या पाण्यातही थोडे क्षार उरतातच, कधी चवीसाठी मुद्दाम ठेवलेले असतात. तेव्हा पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर बुडवून पाहा: आकडा शून्य ते दोनच्या आत हवा. बॅटरीसाठी मिळणारं पाणी या कसोटीला उतरलं तर वापरायला हरकत नाही, फक्त ते बॅटरीचं ॲसिड नाही ना, हे बाटली दोनदा वाचून ठरवा.

कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर ग्लिसरीन वाढवायचा मोह टाळा. ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढतं. जास्त झालं की जुलैत छापलेला प्रिंट दोन दोन दिवस चिकट राहतो. उलट नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात ३०० चे ३३० ग्रॅम केले तर हेड सुकायचं प्रमाण कमी होतं.

करड्यांची उतरंड

आता मुख्य काम. सहा जागा आणि त्यांची तीव्रता अशी:

काळ्याच्या जागी मूळ शाई, १०० टक्के
निळ्याच्या जागी ३० टक्के
किरमिजीच्या जागी १८ टक्के
फिक्या निळ्याच्या जागी ९ टक्के
फिक्या किरमिजीच्या जागी ६ टक्के
पिवळ्याच्या जागी २ टक्के

१०० ग्रॅम ९ टक्क्यांची शाई म्हणजे ९ ग्रॅम काळी आणि ९१ ग्रॅम पाया, इतकं साधं गणित. पाचही करड्यांच्या शंभर शंभर ग्रॅमच्या बाटल्या भरायला काळी शाई लागते फक्त ६५ ग्रॅम आणि पाया ४३५ ग्रॅम. किलोभरातला उरलेला पाया टाकू नका, हेड धुवायला लागतो. प्रिंटर चार शायांचाच असेल तर १००, ३०, ९ आणि ३ अशी उतरंड ठेवा, दर पायरीला साधारण तिसरा हिस्सा. त्यातही सुरेख प्रिंट निघतात. फक्त अगदी फिक्या ढगांत कण जरा जाणवतात.

मोजमाप वजनावरच करा. सिरिंजने मिलिलिटर मोजले तर ग्लिसरीन दगा देतं: ते पाण्याहून सव्वापट जड आहे आणि सिरिंजच्या भिंतीला चिकटून राहतं. सोनारकामाचा, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा यासाठी उत्तम. २ टक्क्यांच्या बाटलीत अर्ध्या ग्रॅमची चूक झाली तर तीव्रता पाव हिश्शाने बदलते. ३० टक्क्यांत तीच चूक कळतही नाही. म्हणून सगळ्यात फिकी शाई सगळ्यात आधी, हात ताजा असताना बनवा.

काळी शाई आधी हळूहळू उलटीपालटी करून घ्या, कारण कण तळाशी बसलेले असतात. जोरात घुसळू नका, फेस होतो आणि फेसाचे बुडबुडे थेट हेडपर्यंत पोचतात. रिकाम्या बाटलीसकट काटा शून्यावर आणा, काळी शाई मोजून घाला, मग पाया. सुरुवातीला पाया धारेने नको, थोडा थोडा घालत काचेच्या दांडीने ढवळत राहा. दह्यात एकदम पाणी ओतलं की गुठळ्या राहतात, तसंच इथे. रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी बाटली तिरपी करून तळ बघा. साका दिसला नाही तर सिरिंजच्या तोंडाला बसणाऱ्या ५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून घ्या. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात हे फिल्टर मिळतात.

आणि लेबल लावा. टक्केवारी, कुठल्या रंगाची जागा, तारीख, तिन्ही. ६ आणि ९ टक्क्यांच्या बाटल्या डोळ्यांना सारख्याच दिसतात. शिवाय इंग्रजी आकड्यांत लिहिलेले 6 आणि 9 उलट्या बाटलीवर घोटाळा करतात, म्हणून मी 'सहा' आणि 'नऊ' अक्षरी लिहितो. एकदा अदलाबदल झाली होती आणि दोन आठवडे मी कागदाला दोष देत होतो.

भरण्याआधी शेवटची खातरजमा: वापरणार त्याच मॅट कागदावर मूळ काळ्याचा एक थेंब आणि करड्याचा एक थेंब, सारख्या उंचीवरून. दोन्ही डाग साधारण सारखे पसरायला हवेत. करडा जास्त पसरत असेल तर फोटो-फ्लो जास्त झालंय, गोळा होऊन राहत असेल तर कमी.

भरणं आणि जुनी शाई काढणं

कार्ट्रिज भरली की हेडमधली जुनी शाई बाहेर यायला हवी. पुन्हा पुन्हा हेड क्लीनिंग दाबू नका. ती सगळी शाई प्रिंटरच्या पोटातल्या पॅडमध्ये जाते आणि पॅड भरल्याची मोजणी पूर्ण झाली की प्रिंटर संपावर जातो. त्याऐवजी क्यूटीआरच्या कॅलिब्रेशन मोडमधून, जिथे एकेक शाई सुटी छापता येते, एकेका जागेचं पूर्ण भरलेलं पान साध्या कागदावर छापा. निळ्याच्या जागेतून आधी निळं येईल, मग मळकट, मग स्वच्छ करडं. रंगाचा मागमूस राहिला नाही की पुढची जागा. पिवळ्याला सर्वांत जास्त पानं लागतात असा माझा अनुभव, कारण २ टक्क्यांच्या करड्यात पिवळेपणाचा लवलेशही लगेच डोळ्यात भरतो.

क्यूटीआरमध्ये ओळख करून देणं

इथे नवखे बिचकतात, पण काम तीन टप्प्यांचं आहे. क्यूटीआरचं नोंदणीशुल्क ५० डॉलर आहे.

पहिला टप्पा शाईची मर्यादा ठरवण्याचा. कॅलिब्रेशन मोडमध्ये सहाही शायांच्या ० ते १०० टक्क्यांच्या पट्ट्या छापा आणि पूर्ण वाळू द्या, निदान तासभर. काळ्याची पट्टी बघा: एका टप्प्यानंतर काळेपणा वाढायचा थांबतो, नुसती शाई साचते, कधी उलट फिकी दिसते. तो टप्पा म्हणजे मर्यादा.

दुसरा टप्पा प्रत्येक करडा काळ्याच्या मानाने किती गडद, हे सांगण्याचा. ३० टक्के शाईचा १०० टक्के भरलेला चौकोन काळ्याच्या पट्टीशेजारी धरा आणि तो कितव्या चौकोनाशी जुळतो ते शोधा. तो आकडा तिची सापेक्ष घनता. बाटलीवरचा ३० आणि हा आकडा क्वचितच एक येतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. डोळे बारीक करून बघितलं तर फरक पटकन कळतो. हे आकडे शाईवर्णनाच्या साध्या मजकूर-फाइलमध्ये भरायचे. क्यूटीआरबरोबर नमुना फाइली येतात, त्यातलीच एक घेऊन बदला, कोऱ्या पानावरून सुरुवात करू नका.

तिसरा टप्पा सरळ करण्याचा. २१ पायऱ्यांची, म्हणजे पाच पाच टक्क्यांनी चढणारी पट्टी छापून प्रत्येक पायरीची घनता, म्हणजे गडदपणाचं माप, मोजायची आणि ते आकडे त्याच फाइलमध्ये घालायचे. उरलेली वळणं क्यूटीआर सरळ करतं. मोजायला स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे रंग मोजायचं यंत्र, असेल तर छानच. नसेल तर साध्या फ्लॅटबेड स्कॅनरवर, सगळ्या आपोआप दुरुस्त्या बंद करून केलेलं मोजमापही सुरुवातीला पुरतं. मॅट कागदावर सगळ्यात गडद काळा १.६ ते १.७ घनतेपर्यंत जातो. डार्करूमचा चकचकीत प्रिंट २ च्या पुढे जायचा. तो आकडा इथे गाठायचा प्रयत्न करू नका, जास्त शाई ओतून सावल्या फक्त मातकट होतात. काचेमागे फ्रेम केल्यावर हा फरक मला तरी खुपत नाही.

छटा आणि कागद

कार्बन उबदार असतो. पातळ केला की आणखी तपकिरी दिसतो, म्हणून फिके भाग जुन्या वाड्यातल्या फोटोसारखे दिसू लागतात. कुणाला हे आवडतं. मलाही आवडतं, पण पावसाळी घाटाच्या फोटोला ते शोभत नाही. तटस्थ करडा हवा असेल तर सहापैकी एक जागा, मी १८ टक्क्यांची सोडतो, निळसर टोनरला द्या: निळी आणि किरमिजी पिगमेंट शाई त्याच पायात फिकी करून. किंमत अशी की रंगीत पिगमेंट कार्बनइतकं टिकत नाही, त्यामुळे बऱ्याच वर्षांनी प्रिंट हळूहळू उबदारपणाकडे सरकतो. सुरुवात शुद्ध कार्बननेच करा. एका वेळी एकच गोष्ट बिघडू द्यावी.

छटा निम्मी कागदावर ठरते. हानेम्युलेचा ३०८ ग्रॅमचा फोटो रॅग पूर्ण सुती आहे आणि कार्बन त्यावर फार देखणा दिसतो, पण शिकताना तो जाळू नका. साध्या इंकजेट मॅट कागदाचं पाकीट घ्या आणि निदान महिनाभर कागद बदलू नका. नवा कागद म्हणजे मर्यादा आणि २१ पायऱ्या पुन्हा पहिल्यापासून. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, १९४० पासूनची. तसा हातकागद वापरून बघायचा मोह होतोच. इंकजेटचा लेप नसलेल्या कागदात शाई आत मुरते आणि काळा राखाडी होऊन बसतो, हे धरूनच बघा. धुक्यातल्या झाडांसारख्या विषयाला तो राखाडीपणाच कामी येतो. सुटे तंतू हेडला लागू नयेत म्हणून असा कागद आधी मऊ ब्रशने झाडून घ्या.

चालू ठेवणं

आठवड्यातून एकदा तरी सहाही शाया वापरणारं एक पान छापाच. इतकं जमणार नसेल तर या नादाला लागू नका, असं मी स्पष्ट सांगतो. वर्षातून चार प्रिंट काढणाऱ्याने चांगल्या लॅबकडून काढून घेणं शहाणपणाचं. महिन्यातून एकदा कार्ट्रिजं काढून हलक्या हाताने उलटीपालटी करा, कारण पातळ शाईत कण लवकर बसतात. पायात बुरशीनाशक नसतं, म्हणून सहा महिन्यांत संपेल इतकीच शाई बनवा आणि बाटल्या अंधाऱ्या कपाटात ठेवा. आंबूस वास किंवा तरंगणारा तंतू दिसला की बाटली सरळ फेकून द्या.

गणपतीला पंधरा दिवस गावी जायचं असेल तर निघण्यापूर्वी हेड जिथे जाऊन विसावतं त्या पॅडवर सिरिंजने पायाचे चार-पाच थेंब सोडा, प्रिंटर त्याच्या बटणानेच बंद करा, म्हणजे हेड पॅडवर नीट टेकतं, आणि वर प्लास्टिकची पिशवी झाका. परत आल्यावर फोटो छापायची घाई करू नका. आधी साध्या कागदावर नोझल चेक. रेघा तुटलेल्या असल्या तर एकदा क्लीनिंग करून रात्रभर तसाच ठेवा आणि सकाळी पुन्हा बघा. पायातलं ग्लिसरीन वाळलेली शाई रात्रीत सैल करतं, आणि लागोपाठ पाच क्लीनिंगनी जे होत नाही ते पुष्कळदा त्या एका रात्रीत होऊन गेलेलं असतं.